लोकशाही समाजवाद की मुक्त बाजार? मुंबईकर वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावरची चर्चा दादरच्या अभ्यासवर्गात असो, महाविद्यालयातल्या वादविवादात असो किंवा घरातल्या जेवणाच्या वेळी असो, ती लवकरच सोव्हिएत रशिया आणि अमेरिका यांच्यापाशी जाऊन अडते, आणि ज्या शहरात आपण राहतो त्याचा उल्लेख राहून जातो. वास्तविक गेल्या शंभर वर्षांत या वादाच्या जवळजवळ प्रत्येक बाजूचा प्रयोग मुंबईत झालेला आहे. म्हणून पुढील उत्तरे शक्य तेथे या शहराच्या अनुभवावर आधारलेली आहेत. लेखकाचा कल लोकशाही समाजवादाकडे आहे, हे आरंभीच सांगणे योग्य ठरेल. विरुद्ध बाजूचे जे म्हणणे खरे वाटते ते मात्र खरे म्हणूनच मांडले आहे.

लोकशाही समाजवाद म्हणजे नेमके काय? तो साम्यवादापेक्षा वेगळा कसा?

समाजाचे जगणे ज्या साधनांवर अवलंबून आहे, त्या साधनांवरील सत्ता समाजाला उत्तरदायी असावी, हे त्याचे पहिले तत्त्व आहे. हा बदल मतपेटीच्या, स्वतंत्र वृत्तपत्रांच्या आणि न्यायालयांच्या मार्गानेच व्हावा आणि मतदारांना तो नको असेल तर मागेही घेता यावा, हे दुसरे. सोव्हिएत पद्धतीने पहिले तत्त्व स्वीकारले आणि दुसरे चिरडले. त्यामुळे तिथे साधने समाजाच्या हाती न येता पक्षाच्या हाती गेली.

आपल्याकडे हा विचार १९३० नंतर नाशिकच्या तुरुंगात एकत्र आलेल्या जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एसेम जोशी अशा तरुणांच्या चर्चांतून आकाराला आला आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मांडणी याहून वेगळी होती. संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी १९४७ मध्ये तयार केलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी असे सुचवले, आणि ही तरतूद संविधानातच लिहावी, म्हणजे संसदेतील बदलत्या बहुमताला ती सहज मोडता येणार नाही, असा आग्रह धरला. मतदारांना धोरण फिरवता यावे की दुर्बलांचे आर्थिक संरक्षण बहुमताच्याही हाताबाहेर ठेवावे, हा पेच तेव्हा सुटला नाही आणि अजूनही सुटलेला नाही.

मग लोकशाही समाजवाद आणि सामाजिक लोकशाही यांत फरक कोणता?

सामाजिक लोकशाही मालकी खासगी ठेवते आणि कर, कामगार कायदे व सार्वजनिक सेवा यांच्या साहाय्याने फळांची फेरवाटणी करते. लोकशाही समाजवादी मालकीचाच प्रश्न विचारतात. प्रत्यक्ष राजकारणात ही सीमारेषा पुसट असते: जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने १९५९ च्या बाड गोडेसबर्ग अधिवेशनात शक्य तितकी स्पर्धा आणि आवश्यक तितके नियोजन हे सूत्र स्वीकारून जुनी मार्क्सवादी भाषा सोडली. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनाही समाजवादी म्हणणे अचूक नाही. तेथे बहुतेक उद्योग खासगी आहेत, डेन्मार्कमध्ये तर कायद्याने ठरवलेले किमान वेतनही नाही, कारण ते बलवान कामगार संघटना आणि मालक आपापसात ठरवतात. मात्र नॉर्वेच्या तेल कंपनीत आजही सरकारचे स्पष्ट बहुमत आहे, ही गोष्ट मुक्त बाजाराचे समर्थक सहसा सांगत नाहीत.

मुक्त बाजाराची बाजू ही केवळ श्रीमंतांची बाजू आहे का?

नाही, आणि असे समजणे हा समाजवादी कार्यकर्त्यांचा जुना दोष आहे. अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक हायेक यांचा मुख्य युक्तिवाद श्रीमंतांविषयी नव्हताच. कोणती वस्तू कोठे किती लागते हे ज्ञान लाखो माणसांत विखुरलेले असते, ते कोणत्याही एका कचेरीत गोळा करता येत नाही आणि भाव हाच ते ज्ञान इकडून तिकडे पोहोचवतो, असे त्यांचे म्हणणे होते.

महाराष्ट्रात हा युक्तिवाद शेतकऱ्याच्या बांधावरून मांडणारे शरद जोशी होते. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांच्या शेतकरी संघटनेने एकच गोष्ट लावून धरली: सरकार शेतकऱ्याला मदत करते हा भ्रम असून निर्यातबंदी, लेव्ही (ठरवलेल्या भावाने सक्तीची सरकारी खरेदी) आणि साठ्यावरील निर्बंध यांच्याद्वारे ते त्याच्या खिशातून काढून घेत असते. या म्हणण्यातील तथ्य मुंबईकराने तरी नाकारू नये, कारण शहरात कांदा महागला की दंड लासलगावच्या शेतकऱ्याला भरावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले गेले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली आणि ही बंदी मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, उठवण्यात आली. भाव चढला तर सरकार हस्तक्षेप करते आणि कोसळला तर शेतकऱ्याला बाजाराच्या हवाली करते. याला समाजवाद म्हणता येत नाही आणि मुक्त बाजारही म्हणता येत नाही. शहरी ग्राहकाच्या सोयीसाठी ग्रामीण उत्पादकावर लादलेला हा एक कर आहे.

या वादात मुंबईचे स्थान काय?

दोन्ही बाजूंची संघटित मांडणी याच शहरात झाली. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास, कस्तुरभाई लालभाई यांच्यासह आठ जणांनी ‘मुंबई योजना’ प्रसिद्ध केली, आणि पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतवण्याचा हा आराखडा मांडताना देशातील अग्रगण्य भांडवलदारांनी स्वतःच राज्याने नियोजन करावे आणि अर्थव्यवस्थेवर नियंत्रण ठेवावे अशी शिफारस केली. त्यांना परकीय स्पर्धेपासून संरक्षण हवे होते आणि वीज, पोलाद, रेल्वे यांसाठी लागणारे अवाढव्य भांडवल सरकारने उभे करावे अशी त्यांची अपेक्षा होती. याच आठ जणांतील ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये मुंबईतच ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ स्थापन करून वाढत्या सरकारी नियंत्रणाविरुद्ध मोहीम उघडली. मिनू मसानी यांचा प्रवास आणखी बोलका आहे: नाशिकच्या तुरुंगातले समाजवादी, १९४३ मध्ये मुंबईचे महापौर, आणि स्टालिनच्या रशियाची हकीकत कळत गेल्यावर १९५९ मध्ये मुक्त बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या ‘स्वतंत्र पक्षा’च्या संस्थापकांपैकी एक.

१९९१ पूर्वी भारतात समाजवाद होता आणि तो अपयशी ठरला, हे खरे नाही का?

जे अपयशी ठरले ते परवाना राज होते. १९५१ च्या उद्योग कायद्याने कोणी काय आणि किती उत्पादन करावे यासाठी परवाना आवश्यक केला, १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, आणि पुढची तीन दशके स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून ठेवण्याची वेळ मध्यमवर्गावर आली. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अधिभारासह ९७ टक्क्यांपलीकडे गेला होता. त्याने विषमता कमी होण्याऐवजी काळा पैसा वाढला.

पण या व्यवस्थेचा लाभ कोणाला झाला? अर्थतज्ज्ञ रा. कृ. हजारी यांच्या अहवालाने आणि त्यानंतर १९६९ च्या दत्त समितीने दाखवून दिले की परवान्यांचा मोठा वाटा बड्या उद्योगसमूहांनीच मिळवला होता. ज्याच्याकडे परवाना, त्याला स्पर्धकाची भीती नाही. कुर्ल्याला तयार होणारी फियाट मोटार, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, कित्येक दशके फारशी न बदलता विकली गेली ती त्यामुळेच. प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य हे जे लोकशाही समाजवादाचे गाभ्याचे काम, त्याला मात्र पैसा कायम अपुरा पडला. कारखान्याला परवानगी नाकारणे सरकारला जमले, गावात डॉक्टर पाठवणे जमले नाही.

जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाच्या टंचाईमुळे रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून मुंबईहून परदेशी पाठवावे लागले, आणि त्याच महिन्यात औद्योगिक परवाना पद्धती बहुतांशी मोडीत निघाली. ते योग्यच झाले, असे या लेखकाचे मत आहे.

गिरणी कामगारांच्या संपातून या वादाबद्दल काय शिकता येते?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संप समाजवादाने बुडवला की भांडवलशाहीने, असा वाद घालताना एक कायदेशीर बाब दुर्लक्षित राहते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता होती, ती सामंतांच्या संघटनेकडे नसून राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, आणि आपला प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडण्याचा मार्ग कामगारांना उपलब्ध नव्हता. मुक्त बाजाराच्या तत्त्वाप्रमाणे कामगाराला आपल्या श्रमाचा सौदा हव्या त्या प्रतिनिधीमार्फत करता यायला हवा. लोकशाही समाजवादाच्या तत्त्वाप्रमाणे त्याला मताचा अधिकार हवा. गिरणगावाला दोन्ही मिळाले नाहीत.

त्यानंतरचा अध्याय जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला मिळायची होती. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती मर्यादित करण्यात आली. गिरण्यांच्या बहुतेक जमिनीवर शेड उभ्या होत्या, त्यामुळे सार्वजनिक वाटा अगदीच आक्रसला. उच्च न्यायालयाने हा बदल अडवला होता, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. लोअर परळचे मॉल आणि मनोरे बाजाराच्या अदृश्य हाताने उभे राहिले असे मानणाऱ्यांनी ही दुरुस्ती वाचावी: जमिनीचे मोल नियमाच्या एका वाक्याने ठरले, आणि ते वाक्य मंत्रालयात लिहिले गेले.

भाडेनियंत्रणाने मुंबईची चाळ मोडकळीस आणली. समाजवादी धोरणाचा हाच शेवट नसतो का?

टीका बरीचशी रास्त आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या इमारतींचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. गिरणी कामगाराला, कारकुनाला आणि विधवेला त्यामुळे शहरात टिकता आले, हे विसरता येणार नाही. पण दुरुस्तीचा खर्चही निघेना तेव्हा मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली, भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे आटले, आणि कायद्याने नाकारलेली किंमत पागडीच्या, म्हणजे खोली घेताना एकरकमी द्याव्या लागणाऱ्या पैशाच्या, रूपाने मागच्या दाराने आली. ज्याच्याकडे खोली होती त्याला संरक्षण मिळाले; जो नंतर शहरात आला त्याला झोपडी. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली.

तरीही यातून काढायचा धडा काळजीपूर्वक काढावा. त्याच शतकात व्हिएन्ना शहरानेही भाडी नियंत्रित केली, पण १९२३ पासून घरबांधणीसाठी वेगळा कर बसवून, ज्याचा भार श्रीमंतांच्या प्रशस्त घरांवर अधिक पडत होता, १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक सार्वजनिक घरे बांधली. आज त्या शहरातील निम्म्याच्या आसपास लोक पालिकेच्या अथवा अनुदानित घरांत राहतात. मुंबईने १९२० च्या दशकातील सरकारी बीडीडी चाळींनंतर त्या प्रमाणात बांधले नाही. सरकारने स्वतः काही खर्च न करता भाडेकरूचे हित एकट्या घरमालकाच्या खिशातून साधायचे ठरवले, आणि ते किती दिवस चालणार होते?

मोडकळीला आलेल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचा प्रश्न थेट संविधानापर्यंत गेला. म्हाडा कायद्यातील आठ-अ प्रकरणानुसार ७० टक्के भाडेकरूंच्या सहकारी संस्थेने मागणी केल्यास राज्याला इमारत संपादित करता येत होती आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मिळणार होती. मालकांच्या संघटनेच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता संविधानाच्या अनुच्छेद ३९(ब) मधील, सर्वांच्या हितासाठी वाटायची ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, काही मालमत्ता मात्र ठरू शकते. तिचे स्वरूप, तिची दुर्मीळता आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहून ते ठरवावे. ही कसोटी मालकी हक्कवाद्यांना वाटते तितकी त्यांच्या बाजूची नाही. मुंबई बेटावरच्या जमिनीइतकी दुर्मीळ वस्तू दुसरी कोणती आहे?

संविधानातील ‘समाजवादी’ हा शब्द सरकारला विशिष्ट धोरणाने बांधतो का?

बांधत नाही. हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, आणीबाणीत, उद्देशिकेत आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढण्याची मागणी फेटाळताना त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा घेतला आणि खासगी उद्योगाला त्याचा अडसर नसल्याचे स्पष्ट केले.

बेस्ट तोट्यात आहे. ती खासगी कंपन्यांना का देऊ नये?

७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने बस आणि विजेची ही सेवा खासगी कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. दीर्घकाळ तिच्या वीज विभागाची शिल्लक बसचा तोटा भरून काढत असे. वीज नियमनाच्या नव्या चौकटीत ती वाट बंद झाली आणि पालिकेने तो भार पूर्णपणे उचलला नाही. त्यानंतर भाडेतत्त्वावरील गाड्या आल्या, ज्यांत बस आणि चालक कंत्राटदाराचे असतात. म्हणजे अर्धे खासगीकरण झालेलेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंत्राटी चालकांनी वेतनासाठी काम थांबवले तेव्हा प्रवाशाला दाद कोणाकडे मागावी हे कळेना: बेस्टने कंत्राटदाराकडे बोट दाखवले आणि कंत्राटदाराला प्रवासी ओळखत नव्हता. मे २०२५ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले.

एक भरलेली बस रस्त्यावरच्या कित्येक मोटारींची जागा वाचवते, आणि हा लाभ मोटारीत बसलेल्यालाही मिळतो, पण त्याचे तिकीट कोणी काढत नाही. ज्या सेवेचा लाभ तिकिटाबाहेरच्या लोकांनाही होतो, तिचा ताळेबंद केवळ तिकिटाच्या पैशावर मांडणे अर्थशास्त्रालाही धरून नाही.

नफ्याची आशा नसेल तर माणूस कष्ट का करील?

पुष्कळ माणसे नफ्यासाठी नव्हे, पगारासाठी काम करतात. केईएममधील निवासी डॉक्टर आणि लोकलचा मोटरमन यांचा नफ्याशी संबंध नाही. नवे काही काढण्याची जोखीम घेणाऱ्याला मात्र मोबदला हवाच, आणि तो देण्यात बाजार सरकारपेक्षा सरस आहे. शिवाय सरकार आणि नफा यांच्या पलीकडचा तिसरा मार्ग मुंबईने पाहिलेला आहे: १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवतात आणि वाटपाचे काम स्वतः करतात.

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. त्याचा या वादाशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केलेल्या प्रयोगातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज सिद्ध केली आणि तिच्या कायद्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाली. तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५ चा व्यवसाय कर कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाच्या हक्कासाठी दिलेला हा पैसा होता, तो विधिमंडळात सर्व पक्षांच्या संमतीने मंजूर झाला, आणि २००५ मध्ये देशभरासाठी झालेल्या कायद्याला या योजनेचा मोठा आधार मिळाला. मजुरी बाजारभावाने देता येते. दुष्काळात काम मिळेलच ही हमी बाजार देत नाही. लोकशाही समाजवादाचे याहून चांगले मराठी उदाहरण लेखकाला माहीत नाही.

मग कोणती गोष्ट बाजाराकडे असावी आणि कोणती समाजाकडे?

ज्या वस्तूकडे ग्राहक पाठ फिरवू शकतो ती बाजाराकडे असावी. साबण, मोबाइल, कपडे, हॉटेल यांत सरकारने पडू नये. पाणी, तातडीचे उपचार, शाळा, निवारा यांना नकार देण्याची मोकळीक माणसाला नसते, आणि जेथे नकार देता येत नाही तेथे विक्रेत्याची सत्ता अमर्याद होते. अशा ठिकाणी ग्राहकाच्या नकाराची जागा नागरिकाच्या मताने घ्यायला हवी.

पाणी, रुग्णालये आणि बस पालिकेच्याच आहेत. म्हणजे मुंबईत लोकशाही समाजवाद आहेच, असे का म्हणू नये?

कारण मालकी सार्वजनिक असली तरी अंमल लोकशाही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांनी झोहरान ममदानी या लोकशाही समाजवाद्याला महापौर म्हणून निवडले; भाडेवाढ रोखणे आणि बस मोफत करणे ही त्यांची आश्वासने होती, आणि ती पुरी झाली नाहीत तर मतदार जाब त्यांना विचारतील. मुंबईच्या महापौराला असे आश्वासन देताच येत नाही, कारण १८८८ च्या कायद्याने येथील कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे आहेत. त्यातही ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत देशातील या सर्वांत श्रीमंत पालिकेचा अर्थसंकल्प एका प्रशासकाने मांडला आणि त्यानेच मंजूर केला. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद झाली, जिच्यानुसार प्रभागातील मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातील कामांचा क्रम ठरवायचा आहे. ती अंमलात आणावी, आणि अर्थसंकल्प प्रभागवार मराठीत छापून सभेपूर्वी लोकांच्या हाती द्यावा, ही मागणी नव्या सभागृहाकडे कोणत्याही विचारसरणीच्या नागरिकाला करता येईल.